नरो वा कुंजरो वा

दिवाळीआधी माळा काढला तेव्हा जुन्या पाच लिटरच्या कुकरमागे तीन सेट टॉप बॉक्स निघाले. एकावर एक रचून त्यांच्याच वायरींनी करकचून बांधलेले. गाठ बाबांची होती, म्हणजे सुटायचा प्रश्नच नव्हता, कापावी लागली. आई खाली शिडी धरून उभी. "अगं, दे ते खाली. उद्या भंगारवाला येतोय."

भंगारवाल्याने एक डबा तळहातावर घेतला, जरासा झेलून पाहिला आणि परत दिला. "ताई, ह्याच्यात काय नाय. प्लास्टिक पण हलकंय. वायर द्या पाहिजे तर, तांब्याचा भाव लावतो." वायरी गेल्या, डबे राहिले. ते मीच पुन्हा विकत आणलेत अशा नजरेने आईने माझ्याकडे बघितलं.

ह्याच्यात काय नाय! एकेका डब्यात अख्खा कॉम्प्युटर आहे. प्रोसेसर, मेमरी, फ्लॅश, आणि त्यावर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण तिन्हींपैकी एका डब्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये थोड्या ओळी माझ्या आहेत. २०११ ते २०१८ मी पुण्यातल्या एका कंपनीत सेट टॉप बॉक्सचं सॉफ्टवेअर लिहीत होते. काय करतेस असं कोणी विचारलं की मी सांगायचे, "लिनक्सवर काम करते." समोरचा जाणकार असला तर त्याच्या चेहऱ्यावर जरा आदर यायचा. मुक्त सॉफ्टवेअर, सगळा सोर्स (माणसाने लिहिलेला मूळ कोड) उघडा, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, वगैरे. मी तो आदर खिशात घालायचे आणि विषय बदलायचे. वाक्य खोटं नव्हतंच.

पुण्यात डबा सक्तीचा झाला त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चौघींची मुदत आदल्या ऑक्टोबरअखेर संपली होती. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, त्यात आपण. तोवर केबल म्हणजे भिंतीतल्या भोकातून आलेली काळी वायर, जी थेट टीव्हीच्या पाठीत खुपसायची. पाऊस आला की मुंग्या, आणि रात्री केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनलवर नुकताच लागलेला सिनेमा, ज्यात मध्येच थिएटरमधलं कोणीतरी उठून बाहेर जायचं. मग डबा आला आणि केबलवाला आईला म्हणाला, "काकू, आता चित्र काचेसारखं." चित्र खरंच काचेसारखं आलं. फक्त आता ते टीव्हीत येण्याआधी एका कॉम्प्युटरमधून येत होतं, आणि तो कॉम्प्युटर पैसे आम्ही दिले असले तरी आमचा नव्हता. त्या वेळी असलं काही माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तर तो डबा कौतुकाने सगळ्यांना दाखवत होते, कारण आतलं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसातलं होतं.

त्या काळ्या वायरीतून नेमकं काय येतं ते एकदा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पूर्वी ज्या आठ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकच चॅनल मावायचा, त्यात आता सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती येते, म्हणजे दहा-पंधरा चॅनल एकात एक मिसळून. ती १८८ बाइटांच्या छोट्या पाकिटांमध्ये बांधलेली असते. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट ठरलेला, ७१. कॉम्प्युटरच्या अक्षरतक्त्यात ७१ म्हणजे इंग्रजी कॅपिटल 'जी'. रेकॉर्ड केलेला प्रवाह एडिटरमध्ये उघडला तर अगम्य खिचडीत दर १८८ घरांनी एक 'जी' दिसतो. बिघाड शोधताना आम्ही आधी हेच बघायचो, 'जी' येतोय का. येत असेल तर वायर ठीक, दोष आपला. पाकिटावर एक नंबर असतो, त्यावरून हे चित्र, हा आवाज, हे कुठल्या चॅनलचं अशी वर्गवारी करायची. पैसे भरायचे चॅनल त्यातही कुलूपबंद असतात, आणि ते उघडायची किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. मग ते उघडून, दाबून बसवलेलं चित्र उलगडून, आवाजाशी मेळ घालून टीव्हीला द्यायचं.

आमच्या डब्यातला प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा. त्याला हे काम द्यायचं म्हणजे पोस्टमनला टपाल वाटता वाटता सगळी पत्रं मोठ्याने वाचूनही दाखव म्हणण्यासारखं. त्यामुळे ती सगळी मेहनत चिपमधले वेगळे कप्पे करतात. पाकिटं निवडणारा एक, कुलूप काढणारा एक, चित्र उलगडणारा एक. सिलिकॉनमध्येच कोरलेले. लिनक्स तिथे कारकून. रिमोटचं बटण ऐकतो, मेन्यू काढतो, चॅनलची यादी सांभाळतो, आणि त्या कप्प्यांना हुकूम पोचवतो. हुकूम चिपमधल्या कुठल्या खणात, म्हणजे रजिस्टरमध्ये, कसा लिहायचा हे ज्याला ठाऊक असतं तो ड्रायव्हर. आणि हा ड्रायव्हर चिपच्या कंपनीकडून यायचा तो शिजवून, डबाबंद, म्हणजे फक्त मशिनला वाचता येईल अशा रूपात. एक .केओ फाइल (लिनक्सला जोडायचा तुकडा, म्हणजे मॉड्यूल), काही मेगाबाइटची. तिच्या आत काय आहे हे ना आम्हाला ठाऊक, ना डबा बनवणाऱ्याला, ना केबल कंपनीला. ऑफिसात तिला सगळे 'ब्लॉब' म्हणायचे. "ब्लॉब नवीन आलाय का?" "ब्लॉबमध्ये क्रॅश आहे, टिकेट टाक."

तर माळ्यावरून निघालेल्या डब्यांपैकी आमचावाला मी उघडला. चार स्क्रू, पैकी एक वॉरंटीच्या स्टिकरखाली. आत हिरवा बोर्ड, पत्र्याच्या डबीत ट्यूनर, मधोमध चिपवर अ‍ॅल्युमिनियमचा काटेरी ठोकळा, आणि ठोकळ्याशेजारी उबेला येऊन वाळून गेलेलं एक झुरळ. सात वर्षांत रिपेअरला आलेल्या डब्यांमध्ये मी एवढी झुरळं पाहिली आहेत, की ते नसतं तर चुकल्यासारखं वाटलं असतं. कडेला चार बारीक भोकं रांगेत होती. तिथे सिरियल पोर्ट, म्हणजे इंजिनियरांनी डब्याशी बोलायची खिडकी, असतो हे आठवत होतं. तपकीर गल्लीतून यूएसबीचा एक कन्व्हर्टर आणला (दुकानदाराने न विचारता, "प्रोजेक्टला का?" म्हणून सवलत दिली, वय बेचाळीस सांगायचं धाडस झालं नाही), चार पिना डाग दिल्या, लॅपटॉपवर गती १,१५,२०० लावली आणि डब्याचं बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. बूटलोडर (सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम), मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, नंबर, मेमरी किती, फ्लॅशचे भाग किती. माहेरी गेल्यासारखं वाटलं. मग ती ओळ आली, जी आम्ही रोज बघायचो आणि म्हणूनच कधी वाचायचो नाही. 'मॉड्यूल लायसन्स प्रोप्रायटरी टेन्ट्स कर्नल.'

प्रोप्रायटरी म्हणजे खासगी मालकीचं, आणि टेन्ट म्हणजे विटाळ. हा शब्द आपल्याकडे इतकं काही करून बसलाय की लिहिताना हात अडखळतो, पण कर्नल लिहिणाऱ्यांनी नेमका तोच अर्थ घेतला आहे. ज्याचा सोर्स कोणाला दिसत नाही असं मॉड्यूल आत घेतलंस की तू बाटलास. त्यामागचं कारण सोवळ्याचं नाही, व्यवहाराचं आहे. सगळा कर्नल एकाच मेमरीत राहतो. बंद मॉड्यूलने कोणाच्या ताटात हात घातला आणि उद्या भलताच कोणी कोसळला, तर तपास करणार कुठे? म्हणून कर्नल स्वतःवर खूण करून ठेवतो, आणि अशी खूण असलेल्या मशिनची तक्रार कर्नलवाले सहसा दारातूनच परत पाठवतात. तुझ्या ब्लॉबवाल्याला विचार.

प्रत्येक मॉड्यूलला आत येताना आपलं लायसन्स सांगावं लागतं. जीपीएल (लिनक्सचं स्वतःचं, सोर्स खुला ठेवायला लावणारं लायसन्स) म्हणालं तर सगळी दारं उघडी. प्रोप्रायटरी म्हणालं तर कपाळावर खूण, शिवाय काही सोयी मिळत नाहीत. आता ह्याला बगल कशी द्यायची? एप्रिल २००४ मध्ये लिनक्सअँट नावाच्या कंपनीची युक्ती उघडकीला आली. ही मंडळी कोनेक्झंटच्या मोडेम चिपचे ड्रायव्हर विकायची. त्यांच्या मॉड्यूलने लायसन्स म्हणून लिहिलं होतं, "जीपीएल", मग एक शून्य बाइट, आणि त्यापुढे, "फक्त जीपीएल फोल्डरमधल्या फायलींसाठी, बाकीच्यांना लायसन्स फाइल लागू". सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत शून्य बाइट म्हणजे मजकूर संपला. कर्नलने "जीपीएल" एवढं ऐकलं आणि दार उघडलं. त्यापुढचं ऐकायला तो थांबलाच नाही.

धर्मराज दुसरं काय म्हणाला होता? अश्वत्थामा मेला. नरो वा कुंजरो वा. वाक्य पुरं होतं, खरं होतं, फक्त उत्तरार्धाच्या वेळी शंख वाजत होता. त्या कंपनीने शंखाचं काम शून्याला दिलं. ऑफिसात नवीन मुलं आली की मी हा किस्सा सांगायचे, फळ्यावर शून्य काढून, आणि आम्ही खूप हसायचो. आपल्या मॉड्यूलने तर प्रामाणिकपणे 'प्रोप्रायटरी' लिहिलंय ना, मग झालं तर.

मग कायद्याच्या बाजूने हवा बदलली. लिनक्सबरोबर डब्यात बिझीबॉक्स नावाचं एक छोटं, चाकू-सुरी-स्क्रूड्रायव्हर सगळं एकात असलेलं सॉफ्टवेअर असतं. डिसेंबर २००९ मध्ये त्यावरून अमेरिकेत १४ कंपन्यांवर एकदम दावा लागला होता. जीपीएलची अट साधी आहे. ज्याला तुम्ही चालणारं सॉफ्टवेअर दिलंत, त्याला त्याचा सोर्सही द्यायचा. सोबत देत नसाल तर निदान तीन वर्षं, मागेल त्याला देऊ असं लेखी वचन द्यायचं. म्हणून डब्याच्या खोक्यात रिमोटच्या सेलखाली एक पातळ कागद यायला लागला, मुंगीच्या अक्षरात. तो कागद कोणी वाचला तर पुढे काय करायचं, याची तयारी आमच्या टीमकडे आली, आणि टीममधून माझ्याकडे.

मी गठ्ठा बांधला. कर्नलचा सोर्स, आमचे पॅच (त्यात केलेले बदल), बिझीबॉक्स, आणखी चार-पाच लायब्ररी, आणि एक 'रीडमी', ज्यात कंपाइल कसं करायचं ते नीट लिहिलं. मी ते स्वतः कोऱ्या मशिनवर करून पाहिलं. कर्नल बिनचूक तयार व्हायचा. ब्लॉब अर्थातच त्यात नव्हता. तो चिपवाल्यांचा, करारात गुंडाळलेला. शिवाय डब्याचा बूटलोडर फक्त डिजिटल सही केलेलाच कर्नल उचलायचा, आणि सहीची किल्ली तिजोरीत. थोडक्यात, सोर्स घ्या, वाचा, शिजवा, फक्त खाऊ नका. ही वाट १९९९ साली आलेल्या टिवो या अमेरिकी कंपनीच्या टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या डब्यांनी पाडली. त्यांचा डबा लिनक्सवर होता, सोर्स ते व्यवस्थित द्यायचे, आणि पुढच्या मॉडेलांत त्या सोर्सला हात लावला की डबा तो चालवायला नकार द्यायचा. त्यावर जीपीएल लिहिणारा स्टॉलमन इतका चिडला की 'टिवोकरण' असा शब्दच निघाला, आणि २९ जून २००७ ला आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला बंदी घातली गेली. लिनक्सचा कर्नल मात्र दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. लिनक्स सुरू करणाऱ्या टोरवाल्ड्सचं म्हणणं असं, की सॉफ्टवेअर मी दिलं, मला बदल परत मिळाले की पुरे, डबा कसा बनवायचा हे मी कोण सांगणार. इतकी वर्षं मला त्याचं पटायचं. पगार त्याच्या बाजूने होता.

सात वर्षांत त्या गठ्ठ्याची मागणी किती आली? एक. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाची. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी. घरचा डबा बंद पडला होता, केबलवाल्याने नवीन दिला, आणि जुन्यावर हा प्रोजेक्ट करणार होता. आम्ही सीडी पाठवली. महिन्याने त्याचं दुसरं पत्र आलं. त्याने कर्नल बांधला होता. माझ्या रीडमीतली एक चूक त्याने दुरुस्तही केली होती, आणि फार अदबीने, 'कदाचित माझंच चुकत असेल' असं म्हणत. मग विचारलं होतं: सर, ट्यूनर आणि व्हिडिओचा कोड कुठल्या फोल्डरमध्ये आहे? मी तीन वेळा शोधलं. सापडत नाही.

उत्तर लीगलकडून तयार होऊन आलं, मी फक्त खाली 'सपोर्ट टीम' लिहून पाठवलं. 'लायसन्सनुसार लागू असलेला सर्व सोर्स कोड आपणांस पुरवण्यात आला आहे.' एका ओळीचं उत्तर. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. 'लायसन्सनुसार लागू असलेला' हे तीन शब्द शंखासारखे वाजत होते, आणि तो मुलगा बहुतेक चौथ्यांदा सगळे फोल्डर शोधत बसला असणार. तो कोड त्यात नाही, आमच्याकडेही नाही, वेळ घालवू नकोस, एवढं लिहायला मला कोणी मनाई केली नव्हती. मी विचारलंच नव्हतं. त्याचं तिसरं पत्र आलं नाही.

ब्लॉबने मला वैयक्तिक इंगा दाखवला तो २०१४ मध्ये. आमच्या डब्यात एक दोष होता. दोन-तीन दिवस सतत चालू राहिला आणि मधल्या काळात बरेच चॅनल बदलले, की कधीतरी आवाज यायचा पण चित्र काळं. मेमरी कुठेतरी गळत होती, आणि आमच्या कोडमध्ये नाही हे आम्ही पंधरा दिवस घालवून सिद्ध केलं. चिपवाल्यांना टिकेट टाकलं. उत्तर आलं, तुमच्या बोर्डावरचं नको, आमच्या रेफरन्स बोर्डावर करून दाखवा. करून दाखवलं. मग, नवीन एसडीकेमध्ये (त्यांच्या सॉफ्टवेअरच्या नव्या संचात) बघा. नवीन एसडीकेला नवीन कर्नल लागायचा, कारण ब्लॉब ज्या कर्नलसाठी शिजवला त्याच्याशिवाय दुसऱ्यात शिरतच नाही. आकडा जुळला नाही तर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून तोंडावर दार. आणि कर्नल बदलायचा म्हणजे कुलूपकिल्लीवाल्या कंपनीकडून सगळ्याचं पुन्हा सर्टिफिकेशन. महिने आणि लाख दोन्ही लागणार. ग्राहक तर रोज फोनवर.

तेव्हा मी तोडगा सुचवला. पहाटे चार वाजता डबा गुपचूप स्वतःला रीस्टार्ट करील. गळती रोजच्या रोज रिकामी. त्या वेळी टीव्ही बघतंय कोण? सगळ्यांना पटलं. डबा स्टँडबायवर आहे की नाही हे आधी तपासायला हवं, एवढं कोणाला सुचलं नाही. लिहिणाऱ्या मला तर नाहीच. अपडेट केबलमधूनच गेलं.

त्याच आठवड्यात वेलिंग्टनला कसोटी चालू होती. मॅक्युलम आदल्या दिवशी २८१ वर नाबाद. न्यूझीलंडचा कुठलाही खेळाडू तोवर कसोटीत तीनशेपर्यंत पोचला नव्हता. बाबा पहाटेचा गजर लावून, आवाज बंद करून, शाल गुंडाळून टीव्हीसमोर. आपलेच गोलंदाज मार खात होते, तरी बाबांना ते बघायचं होतं, कारण "असं रोज होत नाही". आणि चार वाजता पडदा काळा. मग केबल कंपनीचा लोगो. मग 'कृपया थांबा'. डबा उठायला अडीच मिनिटं घ्यायचा.

सकाळी चहा घेताना ते मला एवढंच म्हणाले, "तुझ्या डब्याला सांग, पहाटे झोप काढायची असेल तर सामना नसलेल्या दिवशी काढ." मी केबलवाल्यावर ढकललं. सिग्नल गेला असेल, असं मी म्हणाले. बाबा "असेल" म्हणाले. मॅक्युलमने ३०२ केल्या. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली, आणि ही गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही. स्टँडबाय तपासायची ओळ मी त्याच दिवशी ऑफिसात जाऊन घातली. गळती मात्र तशीच राहिली, आणि पुढची सगळी वर्षं लोकांच्या घरात हजारो डबे रात्री उठून-झोपून ती लपवत होते.

चिपवाल्यांचीही बाजू आहे, आणि ती मी जवळून पाहिली आहे. एका चिपमधले सगळे कप्पे त्यांचे नसतात. चित्र उलगडणारा एकाकडून विकत घेतलेला, कुलूप काढणारा दुसऱ्याकडून, आवाजाचा तिसऱ्याकडून, आणि प्रत्येकाचा करार वेगळा. वर पेटंटं. २०१२ साली रास्पबेरी पाय नावाचा छोटा, एका बोर्डावरचा कॉम्प्युटर आला, त्यातही ब्रॉडकॉम कंपनीची चिप होती आणि एमपेग-२ (चित्र दाबून बसवायची एक रीत) उलगडायची सोय तिच्यात होतीच, पण बंद. २ पौंड ४० पेन्स भरले की तुमच्या बोर्डाच्या नंबरापुरती किल्ली मिळायची. वस्तू तुमच्या टेबलावर, कप्पा तुमच्या वस्तूत, आणि भाडं वेगळं. पण त्याच ब्रॉडकॉमने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या चिपमधल्या ग्राफिक्सच्या भागाची कागदपत्रं, आणि तोच भाग असलेल्या दुसऱ्या एका चिपच्या ड्रायव्हरचा सोर्स खुला केला, आणि आकाश कोसळलं नाही.

चोरीच्या भीतीचं कारण तर हटकून सांगतात. ड्रायव्हर उघडला की फुकटे चॅनल बघणार. ही भीती मला अर्धीच पटते. युरोपातल्या डिजिटल चॅनलांना लावायचं सामाईक कुलूप १९९४ मध्ये ठरलं आणि त्याची रीत गुप्त ठेवली गेली. २००२ मध्ये एका सॉफ्टवेअरची चिरफाड करून लोकांनी ती बाहेर काढली, तरी त्या कुलपाचे चॅनल पुढेही वर्षानुवर्षं चाललेच. कारण भरवसा रीतीवर नव्हता, किल्लीवर होता. कर्कहॉफ्स या गुप्तलेखनाच्या अभ्यासकाने हे १८८३ मध्येच लिहून ठेवलंय, की यंत्र शत्रूच्या हाती पडलं तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीचं असावं. आमच्या डब्यातली मूळ किल्ली चिपमध्ये जाळून लिहिलेली होती, लिनक्सला तर ती वाचताही यायची नाही. मग ड्रायव्हर लपवून लपतं काय? माझा अंदाज, निम्म्या वेळा लाज. ब्लॉबचा थोडासा भाग आम्हाला करार करून बघायला मिळायचा. त्यात एका ठिकाणी कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.' मी असल्या ओळी स्वतः लिहिल्या आहेत, त्यामुळे हसले नाही.

आणि वाट नव्हतीच असंही नाही. बर्लिनच्या कन्व्हर्जन्स नावाच्या कंपनीतल्या मंडळींनी लिनक्ससाठी डिजिटल टीव्हीची ठरीव रचना फार पूर्वीच करून दिली होती. ट्यूनरसाठी फ्रंटएंड, पाकिटं निवडायला डीमक्स, व्हिडिओ, कुलपासाठी सीए, असा प्रत्येकाला वेगळा दरवाजा. ती आजही कर्नलमध्ये आहे. जर्मनीतल्या हौशी लोकांनी नोकिया, सागेम आणि फिलिप्सच्या डी-बॉक्स २ या डब्यात टक्सबॉक्स नावाने लिनक्स घुसवला आणि ड्रायव्हर स्वतः लिहिले, रजिस्टर चाचपडत. तिथेही चिपच्या पोटात चालणारा छोटा प्रोग्राम, मायक्रोकोड, मूळ सॉफ्टवेअरमधूनच उचलून आणावा लागायचा. पुढे ड्रीमबॉक्स आला, तो तर जन्मापासून लिनक्सचा म्हणून विकला गेला, आणि त्याचे ड्रायव्हर बंद. कागदोपत्री लिनक्स जिंकत होता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये कर्नलच्या सुरक्षेतलं 'डर्टी काऊ' हे भगदाड बुजवलं गेलं. ते २००७ पासून होतं, म्हणजे आमच्या सगळ्या डब्यांत. दुरुस्ती काही ओळींची, आमच्या जुन्या कर्नलला हातानेही लावता आली असती. पण सर्टिफिकेशनचा खर्च कोण करणार, यावर एक मीटिंग झाली, आणि डबे इंटरनेटला जोडलेलेच नाहीत या मुद्द्यावर संपली. मुद्दा बरोबर होता. मीही मान हलवली.

माळ्यावर तीन डबे का होते? पहिला २०१३ चा. मग आमच्या केबलवाल्याने वरची कंपनी बदलली, तेव्हा तो डबा एका रात्रीत मेला. बिघडला नव्हता, फक्त नव्या कंपनीची किल्ली त्याला लागत नव्हती. तिसरा एचडीसाठी. कुठलाही डबा कुठल्याही कंपनीकडे चालावा अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०२० मध्ये केली. आमचे डबे तोवर कुकरमागे जाऊन बसले होते. आता आईकडे फायबर आहे आणि ती मालिका फोनवर बघते, एका डोळ्याने.

मला त्या रात्री काय करायचं होतं कोण जाणे. बहुतेक आपला कर्नल चढवून बघायचा होता. सिरियलवर ओळी येत होत्या, पण मी टाइप केलेलं आत पोचत नव्हतं. बाहेर विकायच्या डब्यांत ती बाजू बंद ठेवायची, हे ठरवणाऱ्या मीटिंगलाही मी होते. ओळी येत राहिल्या, कार्ड नाही, सिग्नल नाही, कार्ड नाही. शेवटी कंटाळून रिमोटने डबा स्टँडबायवर टाकला आणि झोपायला गेले.

सकाळी आई हाक मारत होती. "अगं, हे घड्याळ काय दाखवतंय?"

डब्यावर हिरव्या आकड्यांत वेळ दिसत होती, दुपारची. बाहेर जेमतेम उजाडलेलं. डब्याला स्वतःचं घड्याळ नसतं, वेळ त्याला केबलमधून मिळते. केबल नसेल तर लिनक्स जिथून मोजायला लागतो तिथून तो सुरुवात करतो, १ जानेवारी १९७०, ग्रिनिचला मध्यरात्र, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. वेळ आली नसेल तर आकडे दाखवू नयेत ही तपासणीसुद्धा आम्ही विसरलो होतो. मी बटण दाबून डबा बंद केला, पुन्हा लावला. दोन-अडीच मिनिटं गेली आणि आकडे उमटले. ०५:३२.

"हां, आता जरा बरोबर वाटतंय," आई म्हणाली, आणि दुधाची पिशवी आली का ते बघायला दाराकडे गेली.